उडी कोणत्या बोटानं?

घरात लॅपटॉप आला की महिनाभरात त्याच्या पाठोपाठ दुसरी मागणी येते, गेमपॅडची. जामखेडला रेल्वे नाही, अहिल्यानगर पाऊणशे किलोमीटरवर, पण कुरिअरवाला दारापर्यंत येतो. त्यामुळे तीन-चारशे रुपयांच्या वायरच्या पॅडपासून पाच-सहा हजारांच्या वायरलेस पॅडपर्यंत सगळा बाजार मोबाइलच्या पडद्यावर मांडलेला असतो. पैसे देणाऱ्या बापाचा सवाल असतो, कीबोर्ड असताना हे आणखी कशाला? मुलाचं उत्तर ठरलेलं असतं, कीबोर्डवर उडी नीट बसत नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघंही अर्धवट बोलत आहेत.

बाकीच्या गेमांत हा वाद फारसा उरलेला नाही. बंदुकीचे गेम कॉम्प्युटरवर माउसनं कधीच जिंकले. फुटबॉलला आणि गाड्यांच्या शर्यतीला बहुतेक जण निमूटपणे पॅड उचलतात. खरा तंटा उरला तो प्लॅटफॉर्म गेमांत, म्हणजे मारिओच्या कुळातल्या गेमांत. एका फळीवरून दुसरीवर उडी, मधे खड्डा, काटे, फिरती करवत, आणि पाय जरासा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. करायचं असतं फार थोडं: डावीकडे, उजवीकडे, उडी. पण ते नेमक्या क्षणी करायचं असतं. म्हणून हातात काय आहे याचा फरक इथे जितका जाणवतो तितका दुसऱ्या कुठल्या गेममध्ये जाणवत नाही.

या घराण्याची सुरुवात पार्लरमधल्या उभ्या मशीनवर झाली. १९८१ साली निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांनी ‘डाँकी काँग’ आणला. चार दिशांचा दांडा आणि उडीचं एक बटण, एवढाच त्याचा संसार. पुढच्याच वर्षी हा गेम खिशात मावणाऱ्या ‘गेम अँड वॉच’वर उतरवायचा होता. तिथे दांडा बसवायला जागा नव्हती. गुनपेई योकोई यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचं एक सपाट बटण काढलं आणि त्याच्या पोटात मधोमध एक टेकू ठेवला. अंगठा डावीकडे कलला की उजवी बाजू आपोआप वर उचलली जाते. दोन विरुद्ध दिशा एकदम दाबल्या जाणं यंत्रातच अशक्य झालं. आज जगभर ज्याला डी-पॅड म्हणतात ते हेच. १९८३ च्या फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या टीव्ही गेमला ते लागलं, १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला, आणि डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्या अंगठ्यानं उडायचं, ही सवय एका पिढीच्या हातात उतरली.

ही सवय महाराष्ट्रात आली ती बहुतेक वेळा नकली डब्यातून. मीडिया, लिटिल मास्टर, सामुराई अशा नावांनी नव्वदच्या दशकात जे टीव्ही गेम मिळायचे, त्यांच्या पोटात फॅमिकॉमचीच रचना होती. पोरं कार्ट्रिजला कॅसेट म्हणत आणि पॅडला रिमोट. मे महिन्याच्या सुट्टीत तालुक्याच्या गावांतून हे डबे दिवसाच्या भाड्यानं मिळत. मारिओ, काँट्रा, ॲडव्हेंचर आयलंड. एका रिमोटवर मोठा भाऊ आणि दुसऱ्यावर, बहुधा एक बटण अडकलेल्या रिमोटवर, धाकटा. त्या रिमोटांवर ए आणि बी ही दोन मूळ बटणं आणि त्यांच्या डोक्यावर दोन टर्बो बटणं असत. टर्बो दाबून धरलं की काँट्रात गोळ्यांची सर सुटे, पण मारिओत त्याचा काही उपयोग नसे. मारिओत बी दाबून धरून पळायचं आणि ते न सोडता त्याच अंगठ्याच्या दुसऱ्या भागानं ए दाबून उडी मारायची. हे ज्याला जमलं त्याला पुढच्या तीस वर्षांत कुठलाही पॅड परका वाटला नाही.

दुसरी परंपरा कॉम्प्युटर क्लासमधली. तिचा रिमोटशी संबंध नव्हता. जॉन रोमेरो यांनी १९८८ साली ॲपल टूसाठी लिहिलेला ‘डेंजरस डेव्ह’ १९९० मध्ये डॉसवर आला. जॉर्डन मेकनर यांचा १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ही त्याच सुमारास तिथे पोचला. हे दोन्ही गेम फ्लॉपीतून फ्लॉपीत होत भारतभरच्या क्लासांत पसरले. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटीची केंद्रं तालुक्यातालुक्यांत निघाली, तेव्हाही प्रॅक्टिकलच्या शेवटच्या दहा मिनिटांत सरांची पाठ वळली की कुठल्या तरी कोपऱ्यातल्या मशीनवर डेव्ह सोन्याचा कप उचलून दाराकडे पळत असायचा. जुन्या पीसीला जॉयस्टिकसाठी पंधरा पिनांचा वेगळा पोर्ट लागे, तो बहुधा साउंड कार्डावर असे, आणि क्लासच्या मशीनला साउंड कार्ड घेऊन देणारा मालक विरळाच. त्यामुळे ॲरो की हाच एकमेव रस्ता होता.

कीबोर्डची बदनामी इथूनच सुरू होते, आणि तिचं कारण कीबोर्ड नव्हता.

डेव्हमध्ये उडी वरच्या ॲरोनं मारायची. प्रिन्समध्येही तसंच, वर आणि उजवा एकदम दाबले की राजपुत्र पुढे झेपावतो. म्हणजे चालणं आणि उडणं, दोन्ही उजव्या हाताच्या तीन बोटांवर. डाव्या हाताला डेव्हमध्ये कंट्रोलनं बंदूक आणि आल्टनं जेटपॅक, प्रिन्समध्ये शिफ्टनं जपून पाऊल टाकणं किंवा कड पकडणं एवढंच काम. उजवा हात मेटाकुटीला आणि डावा जवळपास रिकामा, अशी ती मांडणी. पडद्यावर वर जायचं म्हणून वरची की, हे तर्काला धरून आहे, पण हाताला धरून नाही. धावता धावता उडी मारून हवेतच मागे वळायचं असेल तर एका हाताच्या बोटांची गुंतागुंत होणारच.

हे गणित सुटायला बराच काळ गेला. ‘कमांडर कीन’नं डिसेंबर १९९० मध्येच उडी कंट्रोलवर नेली होती, म्हणजे दिशा एका हाताला आणि उडी दुसऱ्या हाताला. पण ही सर्वमान्य रीत झाली ती पुढच्या पिढीत. दाइसुके अमाया या जपानी माणसानं एकट्यानं बनवलेला ‘केव्ह स्टोरी’ २००४ साली आला, डेरेक यू यांचा मूळ ‘स्पेलंकी’ २००८ साली. दोन्हींत उजव्या हाताला ॲरो आणि डाव्या हाताला झेड-एक्सच्या आसपासची बटणं. आजचे ‘सेलेस्टे’ आणि ‘हॉलो नाइट’ कीबोर्डवर उघडले तर मांडणी तीच दिसते: दिशेला ॲरो, आणि झेड, एक्स, सी या तीन कींवर उडी, झेप आणि वार किंवा पकड. सेलेस्टेत उडी सीवर, हॉलो नाइटमध्ये झेडवर, एवढा फरक.

फक्त ही मांडणी पॅडच्या बरोबर उलटी आहे. पॅडवर डावा अंगठा चालवतो आणि उजवा उडवतो. इथे उजवा हात चालवतो आणि डावा उडवतो. रिमोटवर वाढलेल्या माणसाला कीबोर्ड ‘चुकीचा’ वाटतो तो यामुळे. त्यानं दिशा डब्ल्यू-ए-एस-डीवर आणि उडी उजव्या हाताच्या एखाद्या कीवर नेऊन पाहिली, की निम्मी तक्रार त्याच संध्याकाळी मिटते. आजच्या बहुतेक गेमांत सेटिंगमध्ये जाऊन बटणं बदलता येतात. ते न करता दीड हजाराचा पॅड मागवणं म्हणजे चप्पल उलट्या पायात घालून नवी आणायला निघणं.

आता बोटांचा हिशोब. डी-पॅडवर डाव्या-उजव्या दोन्ही दिशा एकाच अंगठ्याकडे असतात. डावीकडून उजवीकडे वळायचं तर अंगठ्याला टेकूवरून पलीकडे कलावं लागतं, आणि मधल्या क्षणी कुठलीच दिशा दाबलेली नसते. कीबोर्डवर दोन दिशांना दोन बोटं आहेत. डाव्या कीवरचं बोट उठायच्या आधीच उजव्या कीवरचं बोट खाली गेलेलं असू शकतं. अरुंद फळीवर उतरून लगेच मागे फिरायचं असेल तिथे हा फायदा कामाला येतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ कमीत कमी वेळात संपवण्याची जी जागतिक चढाओढ चालते, तीत एप्रिल २०२१ मध्ये निफ्टस्की या टोपणनावाच्या खेळाडूनं पहिल्यांदा ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत गेम संपवला. तो कीबोर्डवर खेळतो. पॅडसाठीच जन्मलेल्या गेमचा विक्रम कीबोर्डवर झाला, हे ऐकल्यावर ‘कीबोर्डवर जमतच नाही’ हे वाक्य जरा दबकूनच उच्चारावं लागतं.

पण दोन बोटांची ही मोकळीक गोंधळही घालते. डावं आणि उजवं एकदम दाबलं तर मारिओनं करायचं काय? मूळ रिमोटवर ते शक्यच नव्हतं, म्हणून जुन्या गेमांनी त्याचा विचारच केला नाही आणि काही ठिकाणी त्यातून विचित्र चाली निघाल्या. त्यामुळे फॅमिकॉमचे गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या इम्युलेटरांत विरुद्ध दिशा एकत्र घ्यायच्या की नाहीत याची वेगळी सेटिंग असते. नवे गेम आपापला नियम लावतात. कुठे शेवटी दाबलेली की जिंकते, कुठे दोन्ही रद्द होऊन गडी उभा राहतो. ‘शेवटची की जिंकेल’ हे काम कीबोर्डनंच करायचं अशी सोय रेझर कंपनीनं जुलै २०२४ मध्ये आणली. ‘काउंटर-स्ट्राइक २’ या बंदुकीच्या गेमच्या सर्व्हरांवर त्याच्या निर्मात्या व्हॉल्व्हनं ऑगस्टमध्ये तिला मनाई केली. बहुतेक प्लॅटफॉर्म गेम एकट्यानं खेळायचे असतात, तिथे कोणी अडवणार नाही.

कीबोर्डचा खरा दोष वेगळाच आहे आणि तो स्वस्त कीबोर्डात लपून बसतो. आतल्या कींची मांडणी आडव्या-उभ्या तारांच्या जाळीसारखी असते, आणि कुठल्या आडव्या तारेला कुठली उभी भिडली यावरून कोणती की दाबली ते ओळखलं जातं. एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथाही दाबल्यासारखा भासतो. हा भास टाळण्यासाठी कीबोर्ड काय करतो, तर तिसरी की सरळ गिळतो. महागड्या कीबोर्डात प्रत्येक कीला डायोड लावून हा प्रश्न सोडवलेला असतो. ऑफिसच्या साध्या कीबोर्डात नसतो. वरचा ॲरो, डावा ॲरो आणि स्पेसबार हे त्रिकूट यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिन्ही दाबले की स्पेस लागतच नाही आणि खेळणारा स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. शिफ्ट, कंट्रोल, आल्ट या की बहुधा या भानगडीतून बाहेर ठेवलेल्या असतात. डॉसच्या जमान्यातले गेम त्यांच्यावर इतके विसंबून होते, त्यामागे हेही एक कारण असावं.

शाळेच्या लॅबमध्ये हा दोष सगळ्यांनी अनुभवला आहे, नाव माहीत नसेल एवढंच. ओस्लो आल्बेट यांचा ‘फायरबॉय अँड वॉटरगर्ल’ २००९ मध्ये आला. एका कीबोर्डवर दोघांनी खेळायचं. एकाला ॲरो, दुसऱ्याला डब्ल्यू-ए-एस-डी. तो ज्यावर चालायचा ते फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद पडलं, तरी हा गेम ब्राउझरमध्ये आजही चालतो. तीन-चार की एकदम दाबल्या गेल्या की एकाचा गडी हवेत उडायच्या ऐवजी सरळ चालत डबक्यात जातो आणि मग ‘तू मुद्दाम दाबलंस’ यावरून खऱ्या मारामाऱ्या होतात. दोघांनी मिळून खेळायचं असेल, तर निदान एक पॅड घेणं हा शांततेचा मार्ग आहे. हॅझलाइटचा ‘इट टेक्स टू’ एकानं कीबोर्डवर आणि दुसऱ्यानं पॅडवर मजेत खेळता येतो.

लॅपटॉपवाल्यांची आणखी दोन दुखणी. जागा वाचवायला बऱ्याच लॅपटॉपांत वरचा आणि खालचा ॲरो निम्म्या उंचीचे करून एकाच घरात कोंबलेले असतात. तिथे बोट चुकतं म्हणून पुन्हा डब्ल्यू-ए-एस-डी बरं. दुसरं म्हणजे विंडोज. शिफ्ट पाच वेळा भराभर दाबलं की स्टिकी कीजची चौकट वर येते, आणि ती नेमकी शेवटच्या काट्यांवरून उडताना येते. सेटिंगमध्ये जाऊन ती कायमची बंद करता येते, हे न कळल्यामुळे किती जणांनी कीबोर्डला शिव्या दिल्या असतील याची गणती नाही.

पॅडची बाजू घेणारे ज्या पॅडची बाजू घेतात तो बहुधा चांगला पॅड असतो. बाजारात मिळणारा दर वेळी तसा नसतो. २००५ साली एक्सबॉक्स ३६० आला, त्याचा पॅड विंडोजला सहज जोडता येऊ लागला आणि पीसी गेमांनी त्यालाच प्रमाण मानलं. नेमका त्याचा डी-पॅड वाईट होता. गोल चकतीवर बसवलेला, उजवं दाबायला जावं तर वरचंही लागायचं. मायक्रोसॉफ्टनं २०१० मध्ये फिरवून उंच करता येणारा सुधारित डी-पॅड काढला, यातच काय ते आलं. भारतात मिळणाऱ्या स्वस्त पॅडांनी त्या घराण्याचा आकार उचलला, आणि अनेकांनी डी-पॅडचा ढिलेपणाही उचलला. प्लॅटफॉर्म गेमसाठी पॅड घ्यायचा आणि त्याचा डी-पॅडच मऊ निघायचा, तर कीबोर्डवरचे चार ॲरो त्याहून कितीतरी बरे.

स्वस्त पॅडांची दुसरी अडचण जोडणीची. विंडोजमध्ये पॅड ओळखायच्या दोन पद्धती आहेत, जुनी डायरेक्टइनपुट आणि एक्सबॉक्स ३६० बरोबर आलेली एक्सइनपुट. नव्या गेमांपैकी बरेच फक्त दुसरी ओळखतात. तीनशे रुपयांचा पॅड जुन्या पद्धतीचाच असेल तर विंडोजला तो दिसतो, गेमला दिसत नाही. स्टीमवरून घेतलेल्या गेमांना स्टीमच्या सेटिंगमधून हा पूल बांधून मिळतो. बाकीच्यांसाठी वेगळं सॉफ्टवेअर शोधत फिरावं लागतं. रेडगिअर, कॉस्मिक बाइट, इव्होफॉक्स यांसारख्या इथल्या ब्रँडांचे पॅड घेतानाही खोक्यावर एक्सइनपुट हा शब्द आहे का, हे आधी बघावं आणि रंगीत दिवे नंतर.

तिसरी गोष्ट झिजण्याची. पॅडच्या मशरूमसारख्या दांड्याखाली बहुधा पोटेन्शिओमीटर असतो, त्याचा पट्टा घासून झिजला की दांडा न हलवताही गडी आपणहून चालू लागतो. फळीच्या टोकावर उभ्या असलेल्या गड्यासाठी हे मरणच. चुंबकाच्या जोरावर चालणारे, ज्यांना हॉल इफेक्ट म्हणतात, त्या दांड्यांत घासणारा भागच नसतो, त्यामुळे हा त्रास बराच टळतो. बटणांच्या बाबतीत मात्र स्वस्त कीबोर्ड आणि स्वस्त पॅड सख्खे भाऊ आहेत. दोघांच्याही पोटात रबराची टोपीच दाबली जाते.

वेगाबद्दल फार बोललं जातं. साधा यूएसबी कीबोर्ड सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी आपली हालहवाल कळवतो. गेमिंगचे म्हणवणारे १००० वेळा कळवतात. गेमचं एक चित्र, सेकंदाला ६० च्या हिशोबानं, सुमारे १७ मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे वायरचा कीबोर्ड की वायरचा पॅड, हा फरक एका चित्राच्याही आत मिटतो. ब्लूटूथ थोडी भर घालतं. पण लॅपटॉप टीव्हीला जोडून खेळणाऱ्यांचा खरा शत्रू टीव्हीच असतो. चित्र ‘सुंदर’ करण्याच्या नादात काही टीव्ही शंभर मिलिसेकंदांच्या आसपास उशीर लावतात. उडी वेळेवर मारलेली असते, दिसते उशिरा. टीव्हीच्या मेनूतला गेम मोड चालू केल्यानं जेवढा फरक पडतो तेवढा कुठलाही पॅड बदलून पडत नाही.

गेम बनवणारे स्वतः काय सांगतात? २०१० चा ‘सुपर मीट बॉय’ पीसीवर सुरू करताना पॅड वापरा असा आग्रह करत असे. सेलेस्टे २०१८ चा. त्यात झेप आठच दिशांना घेता येते. दांडा मधल्या कुठल्याही कोनात झुकवला तरी गेम त्याला आठांतल्या जवळच्या दिशेला बसवतो. म्हणजे दांड्याची बारीक मोजणी तिथे वायाच जाते, आणि आठ दिशा कीबोर्डवर दोन कींच्या जोडीनं नेमक्या मिळतात. ‘ओरी’च्या दोन्ही गेमांत काही झेपांचा नेम कीबोर्डवाल्यांना माउसनं धरता येतो, आणि तो दांड्यापेक्षा सरळ लागतो असं मानणारे पुष्कळ आहेत. प्रिन्ससारख्या गेमात तर वाद मुळातच थंड पडतो. मेकनर यांनी धाकट्या भावाला पळायला-उडायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. एकदा पाऊल उचललं की ते पुरं होईपर्यंत राजपुत्र कोणाचं ऐकत नाही. तिथे आधी ठरवायचं असतं. बटण कशाचं आहे यानं काय बिघडतं?

पॅड निर्विवाद जिंकतो तो त्रिमितीत. १९९६ साली ‘सुपर मारिओ ६४’ नव्या पॅडच्या दांड्यासह आला. दांडा थोडा झुकवला की मारिओ चवड्यांवर चालतो, पूर्ण झुकवला की धावतो, आणि दिशा आठ नसून वाटेल ती. कीबोर्डची की दाबलेली असते किंवा नसते. अर्धी दाबलेली की बहुतेक कीबोर्डांना कळत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ याचं घरचं उदाहरण. भाऊ हरवलेली मुलगी, असुर, हवेल्या, भिंतीवरून धावणं, खांबांवर चढणं. कॅमेरा उंचावरून तिरका पाहतो आणि वाटा पडद्याच्या कडांना समांतर नसतात, त्यामुळे चार कींच्या जोड्या जुळवण्यापेक्षा अंगठ्यानं दांडा वळवणं सोपं जातं. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमांत त्याला नामांकन होतं. राजपुत्राचीही एक मराठी मुलखातली फेरी झाली: ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम’चा नवा अवतार २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो यूबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं.

एवढं सगळं झाल्यावर एक गोष्ट कबूल करायला हवी. जामखेड, खर्डा, चौंडीच्या पोरांच्या हातात बहुतेक वेळ ना कीबोर्ड असतो ना पॅड, मोबाइल असतो. त्याआधीच्या पिढीनं नोकियाच्या कीपॅडवर लाल चेंडूचा ‘बाउन्स’ खेळला. त्याच चेंडूचा ‘बाउन्स टेल्स’ २००८ मध्ये रोव्हिओनं केला, अँग्री बर्ड्सच्या एक वर्ष आधी. अनेक कीपॅड फोनांना दोन बटणं एकत्र कळत नसत, म्हणून कित्येक जावा गेमांनी १ आणि ३ वर तिरक्या उड्या ठेवल्या होत्या. युक्ती होती आणि चालत होती. काचेवर ती सोयही गेली. बोटाखाली कड लागत नाही, त्यामुळे अंगठा हळूहळू सरकतो आणि गडी ऐन उडीत थांबतो. निन्टेन्डोनं २०१६ मध्ये ‘सुपर मारिओ रन’ काढला तेव्हा दिशेची बटणं ठेवलीच नाहीत; मारिओ आपणहून पळतो, आपण फक्त टिचकी मारायची. काचेवर खरा प्लॅटफॉर्म गेम अवघड आहे, याची ती कबुलीच होती.

म्हणून पॅडचा सगळ्यात मोठा उपयोग कदाचित मोबाइललाच आहे. अँड्रॉइडला २०११ पासून पॅड जोडता येतो; ओटीजीची छोटी पिन किंवा ब्लूटूथ पुरतं. घरात कॉम्प्युटर नाही, फोन आहे आणि प्लॅटफॉर्म गेमांची हौस आहे, अशा मुलाला पॅड घेऊन देणं ही चैन नाही. मात्र गेम पॅड ओळखतो का, हे आधी तपासावं, कारण सगळे ओळखत नाहीत.

हाताची गोष्ट राहिली. जामखेडची जगाला ओळख आहे ती डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पामुळे; १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्या कामाला मिळाला. तिथल्या कार्यशाळेत कृत्रिम पाय बनतात. साधन माणसाच्या अंगाला बसवायचं असतं, हे या गावाला सांगावं लागत नाही, पण गेमच्या दुनियेला ते उशिरा कळलं. मायक्रोसॉफ्टचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ मध्ये आला, सोनीचा ॲक्सेस २०२३ च्या अखेरीस. दोन्ही महाग आहेत. ज्याचा एकच हात चालतो, त्याच्यासाठी साधा कीबोर्ड अजूनही फार मोठं साधन आहे, कारण सगळी बटणं हवी तशी एका हाताखाली गोळा करता येतात. दोन अंगठे गृहीत धरणाऱ्या पॅडला हे जमत नाही. सेलेस्टेत तर असिस्ट मोड आहे. गेमचा वेग कमी करून, झेपा वाढवून खेळता येतं.

उलट बाजूही खरी आहे. टेबल-खुर्ची नाही, लॅपटॉप चटईवर ठेवलाय आणि मनगटं वाकडी करून दोन तास खेळणं चाललंय, असं असेल तर पॅड हाताला सोसतो. लॅपटॉपची एक की निखळली तर बहुधा सगळा कीबोर्ड बदलावा लागतो. पोर बटणं ठोकून खेळणारं असेल तर तीनशेच्या पॅडवर राग निघालेला परवडतो.

तेव्हा पॅड मागवायच्या आधी आहे त्या कीबोर्डवर गेमची बटणं हाताला पटतील तशी बदला, वर-डावा-स्पेस हे तीन दाबून कीबोर्ड तिसरी की गिळतो का ते बघा, स्टिकी कीज बंद करा. सपाट, द्विमितीय गेम खेळायचा असेल तर यावर काम भागतं आणि पैसे वाचतात. उरलेल्या पैशांत सवलतीच्या दिवसांत एखादा गेमच विकत घेता येईल. त्रिमितीय गेम, टीव्हीसमोर बसून खेळणं, घरात दुसरा भिडू किंवा फक्त मोबाइल, यांपैकी काही असेल तर पॅड घ्या. तो वायरचा, एक्सइनपुटवाला आणि कडक डी-पॅडचा घ्या. शक्य असेल तर मित्राकडचा एक दिवस मागून आणून त्यावर मारिओची पहिली लेव्हल खेळून बघा. उजवं दाबताना मारिओ मधेच खाली बसायला लागला, तर तो पॅड घेऊ नका.